करंटाची सायकल

मुळगावच्या गोकुळदास गावसांना वाटेत कोणी "कशे आसात?" असं विचारलं, तर ते आधी विचारणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत. हा कशाला विचारतो? आपण आजारी असल्याची आवई उठली की काय? की याला आपली कुदळ हवी आहे? खात्री पटेपर्यंत ते नुसतं "आसां" म्हणत, आणि तेही अशा सुरात की माणूस बरा आहे की वाईट याचा समोरच्याला थांगपत्ता लागू नये. बाजारात बांगडे घेताना ते कल्ले उघडून बघणारच. कल्ले लालभडक निघाले तर त्यांचा संशय दुप्पट व्हायचा. इतका ताजा मासा, मग अजून विकला कसा गेला नाही?

गोवा घटक राज्य झालं तेव्हा पंचायतीत पेढे वाटले गेले. गोकुळदास तिथेच शिपाई होते. त्यांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "हे कोणाच्या खिशांतले?" सरपंचांनी हसून विषय बदलला. गोकुळदासांनी पेढा घरी नेऊन देवकीला दिला. नवीन लग्न झालेली देवकी, पेडण्याकडच्या हळर्णची मुलगी. तिने तो मुकाट्याने खाल्ला आणि तिला काही झालं नाही. आपल्या नवऱ्याचा स्वभाव तिला त्या दिवशी पुरता कळला असावा.

त्याच वर्षी त्यांनी सायकल घेतली. काळी, जड, दणकट. सुरुवातीला देवकी मागच्या कॅरियरवर बसून देवळात, बाजारात जायची. पुढे गोकुळदासांनी कॅरियरवर एक लाकडी पेटी स्क्रूने पक्की केली, कारण त्यांच्या खऱ्या कामाला ती लागायची.

खरं काम म्हणजे गाऱ्हाणं. शिपाईगिरी पोटाची, ती निवृत्तीबरोबर संपली. पण गाऱ्हाण्याचा मान घराण्याचा, तो संपत नाही. त्यांच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, शिवेवर राखणदाराचं, वस्तीची राखण करणाऱ्या देवाचं, देऊळ आहे. देऊळ कसलं, चार खांब, वर कौलं आणि आत एक काळा पाषाण. कोणाला विहीर खणायची असते, कोणाला मुलीचं स्थळ पक्कं करायचं असतं, तो तिथे येऊन कौल मागतो. गुरव शांताराम पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. गोकुळदास गाऱ्हाणं घालतात, म्हणजे त्या माणसाचा प्रश्न खणखणीत आवाजात देवापुढे मांडतात. मग सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. याशिवाय शिरगाव, लामगाव, मये अशा गावांतून घरोघरची राखणीची गाऱ्हाणी असायची. पेटीत नारळ, रोट, उदबत्त्या, धोतर भरायचं आणि सायकल हाणायची.

एकदा मराठीवाले आणि कोकणीवाले, दोघेही त्यांच्याकडे आले. गाऱ्हाणं आपल्याच भाषेत असतं, असं दोघांचंही म्हणणं. गोकुळदासांनी दोघांनाही चहा पाजला आणि दोघांनाही सांगितलं, "देव आयकता. तुमी कित्याक आयकतात?"

या कामाने त्यांना एक गोष्ट शिकवली होती आणि त्यांच्या मते जगात शिकण्यासारखी तेवढीच होती. माणूस विचारतो एक आणि त्याच्या पोटात असतं दुसरंच. 'पोरीला नोकरीसाठी म्हापशाला पाठवू का?' असं विचारणाऱ्या बापाला देवाकडून नकार हवा असतो, म्हणजे वाईटपणा देवाच्या माथी जातो. 'बांध सरळ करू का?' म्हणणाऱ्याला शेजाऱ्याची हातभर जमीन हवी असते. गोकुळदास अशा माणसाला देवळाबाहेरच्या दगडावर बसवत, उलटसुलट विचारून पोटातलं बाहेर काढत, आणि मगच आत नेत. प्रश्नाच्या मागचा प्रश्न हुडकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मान्यच करायला हवं. आणि घरी आल्यावरही त्यांचा तोच उद्योग चालू असायचा, हेही सांगायला हवं.

त्यामुळे एका संध्याकाळी त्यांचा मुलगा गौरेश बाकावर त्यांच्याशेजारी येऊन बसला, तेव्हाच त्यांनी कान टवकारले. गौरेश कधी शेजारी बसत नसे.

"बाबा, ही सायकल आतां पुरो जाली. एक नवी घेवया. सादी जाय जाल्यार सादी, बॅटरीची जाय जाल्यार बॅटरीची. खंयची ती तुमीच सांगात."

"ही मोडली म्हूण हांवें केन्ना सांगलें?"

"मोडूंक ना. पूण चडावार तुमी देंवून चलत वतात न्हय?"

"कोणें सांगलें?"

"सगळे पळयतात."

सगळे बघतात! म्हणजे चढावावर आपण उतरून चालतो, यावरही पाळत आहे तर. गोकुळदासांनी उंड्याचा, म्हणजे गोल पावाचा, तुकडा चहात बुडवला आणि विचारलं, "पयशे कोण दिता?"

गौरेशने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं. "आसात. तें तुमी विचारूं नाकात."

आता असं उत्तर दिल्यावर साध्या माणसालाही शंका येईल, मग गोकुळदासांची काय कथा! गौरेश एका ट्रकवाल्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर होता. त्या कंत्राटदाराला खनिजाचे ट्रक वाड्याच्या रस्त्याने न्यायचे होते. रस्त्याला लागून भातशेती. वाड्यात दोन तट पडले, तोंडं वाकडी झाली, आणि शेवटी असं ठरलं की राखणदाराला विचारायचं. येत्या सोमवारी. गाऱ्हाणं अर्थातच गोकुळदास घालणार होते. 'ट्रक जाऊ देऊ का?' असं विचारलं तर एक होतं आणि 'ट्रक अडवू का?' असं विचारलं तर दुसरंच. शब्द इकडचा तिकडे झाला की देवाचा होकार कोणाच्याही पदरात टाकता येतो, हे वाड्यात सगळ्यांना माहीत होतं. कंत्राटदारालाही माहीत असणारच.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गौरेशला बापाचे गुडघे आठवले!

जन्मभर गोकुळदासांनी गाऱ्हाण्याच्या बदल्यात नारळापलीकडे काही घेतलं नव्हतं. त्यांच्या तोंडून निघालेल्या शब्दावर वाडा विश्वास ठेवत होता तो एवढ्याचसाठी. गाडी दारात आली आणि ती त्या कंत्राटदाराच्या मेहेरबानीची निघाली, तर हे तोंड पुन्हा देवापुढे उघडायच्या लायकीचं राहणार नव्हतं. त्यांना भीती वाटली, हे खरं. आणि भीतीपेक्षा जास्त वाईट वाटलं ते याचं, की हे घरातूनच यावं.

तरी ते दुकानात गेले. न जाता कळणार कसं?

दुकान डिचोली बाजाराच्या जरा पुढे. गौरेश, गोकुळदास आणि देवकी. देवकी कशाला, असं गोकुळदासांनी विचारलं, तर ती म्हणाली, बाजारातून मिरच्या घ्यायच्या आहेत. दुकानातला पोरगा सारखा हसत होता, त्यामुळे गोकुळदासांच्या मनातून तो आल्या आल्याच उतरला. एका बाजूला साध्या सायकली उभ्या होत्या, दुसऱ्या बाजूला करंटाच्या. 'ई-बाईक' हा शब्द गोकुळदासांनी शेवटपर्यंत तोंडात घेतला नाही. ते तिला करंटाची सायकल म्हणत.

"काका, पायडल मारलें तरी चलता, ना मारलें तरी चलता," पोरगा म्हणाला.

"मगे पायडल बसयलां कित्याक?"

"बॅटरी सोंपली जाल्यार!"

"म्हणजे ती सोंपता," गोकुळदास म्हणाले आणि गौरेशकडे बघितलं.

पोरग्याने हार मानली नाही. बॅटरी काढून घरात नेता येते, असं त्याने सांगितलं. गोकुळदासांना बाहेरची ठिणगी स्वतःच्या हाताने घरात नेण्याची कल्पना पसंत पडली नाही. गाडीचा अजिबात आवाज होत नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं. जी गाडी वाजत नाही ती कुठल्या कामाला बरी असते, हे गोकुळदासांना चांगलं ठाऊक होतं. मग पोरग्याने शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला.

"आनी काका, गाडी खंय आसा तें मोबायलार दिसता!"

"कोणाच्या मोबायलार?"

"म्हज्या मोबायलार घालूया," गौरेश सहज बोलून गेला.

सहज! गोकुळदासांच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. सोमवारच्या आधी ते कोणाच्या घरी जातात, कोणत्या तटाच्या अंगणात किती वेळ बसतात, ते इकडे कंत्राटदाराच्या कचेरीत बसून दिसणार. दुसरं काय?

त्यांनी वाकून गाडीला प्रदक्षिणा घातली. सगळ्यात संशयास्पद त्यांना वाटली ती मागची सीट. चांगली रुंद, मऊ, मागे टेकायला लहानशी पाठ. "फाटली सीट इतली रुंद कित्याक? हांव किदें पायलट, भाडें मारूंक?" गोव्यात मोटारसायकलवर भाडं नेणाऱ्याला पायलट म्हणतात, आणि गोकुळदासांचं पायलटांविषयीचं मत कोणाविषयीच्या त्यांच्या मतापेक्षा वेगळं नव्हतं.

देवकी तेवढ्यात पुढे आली होती. तिने तळहाताने सीट दाबून बघितली आणि खाली बघत हळूच काहीतरी बोलली. गोकुळदासांना 'होय' असं ऐकू आलं. आपल्या म्हणण्याला बायकोने दुजोरा दिला म्हणून त्यांना तेवढंच बरं वाटलं.

मग एक फेरी मारून बघायचा आग्रह झाला. नाही म्हणता म्हणता ते बसले. दुकानाच्या मागे एक चढाव होता. गोकुळदासांनी सवयीने दात आवळून पायडल दाबलं, आणि मागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुळकन वर गेली. त्यांनी खरोखर मान वळवून मागे बघितलं, कोण ढकलतंय ते. कोणी नव्हतं. वर पोहोचले तेव्हा छातीत धाप नव्हती, गुडघ्यात कळ नव्हती, आणि चेहऱ्यावर हसू आलं होतं. ते त्यांनी उतरताना पुसून टाकलं. जे इतकं आवडतं त्यात काहीतरी काळंबेरं असणारच, ही त्यांची समजूत त्या चढावावर आणखी पक्की झाली.

दुकानाबाहेर पडतात तोच समोरून कंत्राटदाराचा मुकादम आला. त्याने गौरेशच्या पाठीवर थाप मारली. "काय मरे, बाबांक बरीशी गाडी घेवन दी हां!" आणि गोकुळदासांना नमस्कार करून हसत निघून गेला.

झालं. आता देवाला विचारायचं तरी काय बाकी राहिलं होतं? बसमध्ये देवकी त्यांना मिरच्यांचं काहीतरी सांगत होती, ते त्यांनी ऐकलं नाही.

रात्री जेवताना त्यांनी डाव टाकला. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यापुढे उलटं बोलायचं आणि तोंडाकडे बघायचं, ही त्यांची देवळाबाहेरच्या दगडावरची युक्ती. "थारलें," ते म्हणाले. "सादी सायकलच घेतां. करंटाची नाका."

गौरेश जेवता जेवता थांबला आणि आईकडे बघून म्हणाला, "बरें." देवकीने आमटीचा डाव भांड्यात टाकला तो जरा जोरात टाकला, आणि स्वतःला वाढून न घेता आत गेली. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून तिचा दबका आवाज येऊ लागला. ती हळर्णला, बहिणीला, ताराला फोन करत होती. "ना गो तारा... ना, आतां ना जावचां..." गोकुळदास दारात आले तशी ती गप्प झाली.

म्हणजे बायकोसुद्धा! गोकुळदासांना त्या रात्री झोप लागली नाही. मुलाने दगा द्यावा, हे एक वेळ कंत्राटदाराच्या पगारामुळे समजू शकतं. पण देवकी? जिने तो पेढा न विचारता खाल्ला, ती देवकी? कुशीवर वळून ते तिच्याकडे बघत राहिले, आणि ती झोपल्याचं सोंग करते आहे, याबद्दल मात्र त्यांचा अंदाज खरा होता.

सकाळी त्यांनी जाहीर केलं की ते देवाला विचारणार. वाड्याचं गाऱ्हाणं सोमवारी; त्याआधी स्वतःचं. घरात येणाऱ्या वस्तूमागे कोणाचा हात आहे हे कळल्याशिवाय ते सोमवारी देवापुढे उभे राहणार नव्हते, आणि हात निघाला तर गाऱ्हाण्याचा मान त्याच दिवशी चुलत्याच्या घराकडे देऊन मोकळे होणार होते. घरचं गाऱ्हाणं म्हटलं की घरच्या सगळ्यांनी उभं राहायचं असतं. गौरेश सुट्टी टाकून आला. देवकीने नारळ घेतला आणि नवऱ्याच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालू लागली.

शांतारामने पाषाण धुतला, पुसला, आणि ओल्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. गोकुळदासांनी हात जोडले. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता.

"बा राखणदारा, शिवेच्या धन्या, तुजें लेकरूं गोकुळदास तुज्या पांयांलागीं उबें आसा!"

"होय म्हाराजा," शांताराम आणि गौरेश म्हणाले.

"घरांत नवी गाडी येवपाची आसा. ती निर्मळ वाटेन येता आसत, तर उजवी दी!"

"होय म्हाराजा."

"आनी तिचे फाटल्यान कोणाचो हात आसत, म्हज्या तोंडाक कुलूप घालपाची कोणाची बुद्ध आसत, तर दावी दी!"

या वेळी 'होय म्हाराजा' एकट्या शांतारामचं आलं. गौरेश बापाकडे बघत राहिला होता. त्याला आत्ता कळत होतं.

"कोणाचो हात बाबा? म्हज्या शेटीचो?"

"देवा मुखार उलय नाका."

"उलयतलों. ट्रकांखातीर हांव तुमकां विकतलों, अशें दिसलें तुमकां? त्या मुकादमाक हांवें इतलेंच सांगिल्लें, बाबांक गाडी घेवंक वतां, त्या दिसा कामार येना म्हूण." गौरेशचा आवाज फाटला. "इतलेंच!"

गोकुळदास पाकळ्यांकडे बघत राहिले. पाकळ्या हलल्या नाहीत. शांतारामने घसा खाकरला, चंवरी ढाळली. तरी नाही. बाहेर एक बस येऊन गेली. पाकळ्या पाषाणाला चिकटल्या त्या चिकटल्याच.

याला कौल अडला असं म्हणतात. कौल अडला की त्याचा अर्थ एकच असतो, घरातल्या कोणीतरी काहीतरी दडवलं आहे. मग विचारणाऱ्या घराला एक प्रश्न करायचा असतो. आजवर तो प्रश्न गोकुळदास दुसऱ्यांना करत आले होते आणि लोक घाईघाईने 'आसात, आसात' म्हणून सुटत आले होते. आज करणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून शांतारामने संकोचत विचारलं, "गोकुळबाब, घरांतलीं मनां एक आसात मूं?"

"आसात," गोकुळदास म्हणाले.

"ना," देवकी म्हणाली.

तिघंही तिच्याकडे वळले. देवकीने नारळ खाली ठेवला.

"हात आसा," ती म्हणाली. "म्हजो."

गोकुळदासांना काही समजेना. देवकी कोकमाची सोलं सुकवून डिचोलीच्या बाजारात देते, हे त्यांना माहीत होतं. त्या पैशांचं पुढे ती काय करते, हे मात्र जगातल्या हरेक गोष्टीची चौकशी करणाऱ्या या माणसाने कधी विचारलं नव्हतं. साठलेले सगळे पैसे तिने गौरेशच्या हातात दिले होते आणि सांगितलं होतं, दोन्ही सायकली पुढे ठेव, त्यांना निवडू दे, माझं नाव काढू नकोस.

"म्हाका सांगूंक किदें जाल्लें?" गोकुळदासांनी विचारलं.

"सांगलां. दुकानात सांगलां. ती सीट माका होयी, म्हटलंय मी."

गोकुळदास उभ्या जागी थिजले. मुळगावात एखादी गोष्ट हवी असली की म्हणतात, 'म्हाका जाय.' पेडण्याकडे म्हणतात, 'माका होयी.' लग्न होऊन आल्यावर सासूने हसून हसून देवकीचं 'होयी' मोडून काढलं होतं आणि तिच्या तोंडी 'जाय' बसवलं होतं. आतून अगदी पोटातून काही आलं तरच हळर्णची बोली वर यायची. दुकानात ती वर आली होती. गावभरच्या माणसांच्या शब्दाशब्दाला चिमटीत धरून उलटंसुलटं करणाऱ्या गोकुळदासांनी बायकोचं 'होयी' ऐकलं आणि त्याचं 'होय' करून टाकलं.

"तारा हांतरुणाक लागल्या," देवकी म्हणाली. आता तिची सगळीच बोली हळर्णची झाली होती आणि तिला ते कळत नव्हतं. "तिका बघूक जावचां तर बशी बदलूच्यो, नायतर गौरेशाकडे सुटी मागूची. दर खेपेक कोणाकडे तरी मागूचां. तुमी सायकलीर पेटी बसयलात, तेवापासून माका जागो नाय. पेटीत नारळाक जागो आसा."

गोकुळदासांना ती पेटी डोळ्यांपुढे दिसली. स्क्रू त्यांनीच पिळले होते, आणि ते किती घट्ट बसले म्हणून तेव्हा खूश झाले होते. तेव्हापासून देवकी कुठे कशी जाते, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज लपवायची त्यांना सवय नव्हती, कारण आजवर तशी वेळ आली नव्हती.

"मगे हांव सादी सायकल घेतां म्हणटकच तू गप्प कित्याक रावली?" ते कसंबसं म्हणाले. "हांवें कशें वळखूंचें?"

"सगळ्यांच्या इचारण्याफाटलां इचारणां सोधतात तुमी," देवकी म्हणाली. "माजां फुडेच होतां."

शांताराम खाली बघू लागला. गोकुळदास गौरेशजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलों रे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द गौरेशने पहिल्यांदाच ऐकला. त्याने डोळे पुसले आणि नुसती मान हलवली.

पण सवय सहजासहजी सुटत नाही. गोकुळदास पाषाणाकडे वळले, हात जोडले आणि शांतारामला म्हणाले, "परत लाय पाकळ्यो. हिच्या नांवान गाऱ्हाणें घालतां. देवाक विचारूया, हिका..."

"मी देवाक इचारूक नाय," देवकी म्हणाली. "तुमकां इचारलंय."

गोकुळदासांचे जोडलेले हात सुटले. किती माणसांचे प्रश्न त्यांनी याच जागी उभं राहून घातले होते, आणि प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं काम दुसऱ्याचं होतं. आता देवकी त्यांच्याकडे बघत होती आणि मध्ये कोणी नव्हतं. मागे बसायला जागा देणार का, एवढाच प्रश्न होता. त्याच्या मागे काही नव्हतं. त्यांनी तरीही क्षणभर तिच्या चेहऱ्यावर शोधलं, आणि त्यांना तिथे फक्त वाट बघून थकलेली बायको दिसली.

"होय," ते म्हणाले. गाऱ्हाण्याचा आवाज नव्हता तो. शांतारामला तर नीट ऐकूही आलं नाही.

मग शांताराम दचकून पाषाणाकडे वळला. "पडल्यो!" तो ओरडला. दोन्ही पाकळ्या खाली पाषाणाच्या पायाशी पडल्या होत्या. "खंयची आदीं पडली? कोणें पळयली?"

गौरेशने बघितली नव्हती. देवकीने बघितली नव्हती. आणि पाकळ्यांवरून कधी नजर न हलवणारे गोकुळदास इतका वेळ पाषाणाकडे पाठ करून उभे होते. असा कौल धरता येत नाही. रीतीप्रमाणे पाकळ्या पुन्हा लावायला हव्यात. शांताराम पाण्याची वाटी घेऊन तयार झाला आणि गोकुळदास काय सांगतात याची वाट बघू लागला.

गोकुळदास खाली वाकले. गुडघ्यात कळ आली, ती त्यांनी लपवली नाही. दोन्ही पाकळ्या उचलून त्यांनी देवकीच्या ओंजळीत ठेवल्या.

"घे," ते म्हणाले. "दोनूय तुज्यो."